अर्धा तास देणाऱ्यालाही उत्तर मिळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीतल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. निवृत्त झाल्यावर इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणाली, ‘‘मावशी, ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही पाहता-बदलता येईल अशा खुल्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर लोकच करतात, घरी बसून. तुझ्यासारखी माणसं तिथं हवी आहेत.’’ तिने खाते उघडून दिले आणि मी दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास बसू लागले.

काम मला मनापासून आवडले. पडद्यावर मागचापुढचा संदर्भ नसलेला एकच शब्द येतो, ‘ओपन’. आता हे ‘उघडा’ की ‘उघडे’? बटणावरची आज्ञा आहे की विशेषण, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. ‘डिलीटेड’ त्याहून अवघड. आपल्याकडे फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवले. इंग्रजीत तिन्हींना एकच रूप, आणि रिकाम्या जागी कोणते नाम येणार हे वाक्य दिसेल तेव्हाच ठरणार. दोन रविवार डोके खाजवून मी ‘हटवण्याचे काम झाले’ अशी रचना सुचवली, म्हणजे लिंगाचा प्रश्नच उरत नाही. छापखान्यात एखादी जुनी चूक सापडल्यावर व्हायचा तसा आनंद त्या दिवशी झाला.

पाच महिन्यांत माझ्या दोनशेवर सूचना झाल्या. गटातल्या कुणीतरी तपासल्याशिवाय सूचना सॉफ्टवेअरमध्ये जात नाही, आणि माझ्या सगळ्यांपुढे ‘तपासणी बाकी’. भाषांतर सांभाळणाऱ्या त्या गटाला दोनदा पत्र लिहिले, उत्तर आले नाही. चूक असेल तर चूक म्हणा, पण कुणीतरी वाचले एवढे तरी कळावे! मग एका रविवारी मी बसले नाही आणि पुढे बसणेच सुटले.

वर्षभराने दुसऱ्या एका प्रकल्पात भाचीच्या आग्रहाने चार शब्द सुचवले. दोनच दिवसांत तपासणाऱ्याचे उत्तर आले: ‘‘तीन घेतले. चौथ्यात ‘फाईल’ नको, आपण सगळीकडे ‘फाइल’ लिहितो.’’ आयुष्यभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्या मला कुणीतरी एक इकार दुरुस्त करून दिला, याचे मला इतके बरे वाटले की त्याच रात्री आणखी वीस शब्द केले. त्या गटात मी आजही आहे.

येता-जाता मदत करणारी माणसे टिकत नाहीत, अशी तक्रार या क्षेत्रातली मंडळी करतात. पण टिकायची गरजच नाही अशीही कामे असतात. ‘फायरफॉक्स’ ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्प पाहा. संगणकाला आपली बोली समजावी म्हणून तिथे एका वेळी पाच वाक्ये मोठ्याने वाचायची. दुसरे कुणीतरी ती ऐकून बरोबर की चूक सांगते. मराठीही त्यात आहे. माझ्या थोरल्या बहिणीने पोळ्या झाल्यावर ओट्याशी उभ्याने पाच वाक्ये वाचली आणि तिचा वाटा पूर्ण झाला. ‘स्ट्रीटकंप्लीट’ या ॲपचेही तसेच. ते आपल्या आसपासचे प्रश्न विचारते, रस्ता डांबरी की मातीचा, दुकान किती वाजता उघडते, आणि उत्तर थेट ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशात जाते. बसची वाट पाहतानाही हे होते.

याची दुसरी बाजूही मला दिसते. तपासणारेही बहुधा नोकरी-संसार सांभाळून फुकट राबणारेच असतात. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या दर ऑक्टोबरच्या उपक्रमात ओपन सोर्स प्रकल्पांना चार बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी कुठेही एखादा शब्द घुसडून पाठवायला सुरुवात केली आणि प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. ज्या प्रकल्पांना हे हवे आहे त्यांनीच सहभागी व्हावे, असा नियम आयोजकांना भर महिन्यात करावा लागला. बक्षिसाने गर्दी जमली, पण आलेले सारे पाहून घ्यायला हात तितकेच होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा आमच्या जवळच्या मंगल कार्यालयात पूरग्रस्तांसाठी जेवण व्हायचे. कुणी दोन तास यायचे, कुणी एकच दिवस. दाराशी वही घेऊन बसलेल्या बाई येणाऱ्याला विचारायच्या, ‘‘किती वेळ आहे?’’ तासभर असेल तर पाकिटे बांधायला, दिवसभर असेल तर चुलीपाशी. उद्या येणार का, असे त्यांनी कुणालाच विचारले नाही, तरी बरेच जण दुसऱ्या दिवशी आले. सॉफ्टवेअरच्या मराठी गटांना दाराशी बसणारे असेच एक माणूस हवे आहे, आणि त्याला संगणकाची भाषा आलीच पाहिजे असे नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या मोबाइलवरून ती बातमी पुढे पाठवली, त्यातल्या बटणांवरची मराठीही कुणीतरी वाचायला हवी. निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक, जुने उपसंपादक गावोगावी आहेत. मराठी गटांनी त्यांना भाषांतरापेक्षा तपासणीचे काम द्यावे आणि नव्या माणसाच्या पहिल्या सूचनेला आठवड्याच्या आत दोन ओळी लिहाव्यात. माझ्यापुरते सांगते, रविवारी सहा ते सात मी मोकळी आहे. ज्या गटाकडे ‘तपासणी बाकी’चा ढीग असेल, त्यांनी संपादकांमार्फत कळवावे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली