‘नुसता वायू’ म्हणू नकोस

डिचोली, गोवा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

संशोधनासाठी मैत्रिणींना जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या नव्या दीर्घिका मिळाल्या आणि तुझ्या वाट्याला ‘नुसता वायू’ आला, असं तू फोनवर म्हणालीस. ते मनाला लागलं, म्हणून लिहायला बसले. तुझा विषय दुय्यम नाही. पुनर्आयनीभवनाचा, म्हणजे विश्वातल्या हायड्रोजनचे अणू पुन्हा फुटण्याचा, सगळा हिशेब त्या वायूपाशीच अडलेला आहे.

महाविस्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवलं, हायड्रोजनचे अणू जुळले, आणि पुढच्या अब्जभर वर्षांत ते पुन्हा फुटले. एवढं आम्ही बारावीच्या वर्गातही सांगायचो. अणू फोडायला ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो. तो जड, तप्त तारे देतात. पण हे तारे जन्मतात दाट, थंड हायड्रोजनच्या ढगात, आणि त्यांचा प्रकाश सगळ्यात आधी गिळतो तोच ढग! मग दीर्घिकेबाहेर पोचतो किती? तारे कितीही मोजले तरी हे प्रमाण कळल्याशिवाय उपयोग नाही, आणि ते ठरतं वायूच्या ठेवणीवर. आपल्या विहिरीचे चिरे आठव. दगड केवढा टणक, तरी पाणी भोकाभोकांतून झिरपतंच.

ही भोकं पाडतात तारेच, आपल्या वाऱ्यांनी आणि शेवटी स्फोटांनी. मला यातला काळाचा पेच फार विलक्षण वाटतो. सर्वांत जड तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात. म्हणजे ढगाला खिंडार पडेपर्यंत भरपूर अतिनील प्रकाश देणारे बरेचसे तारे गेलेले असतात. वाट मोकळी होते तेव्हा तिच्यातून जायला प्रकाशच उरलेला नसतो. म्हणून वायू केव्हा फाटतो, हे तो किती फाटतो याइतकंच महत्त्वाचं. जोडताऱ्यांची, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची, गोष्ट वेगळी. एकमेकांशी वस्तुमानाची देवघेव झाल्याने त्यांच्यातले काही उशिरापर्यंत तप्त राहतात आणि उघडलेली वाट त्यांना सापडते.

त्या काळातल्या दीर्घिकांमधून निसटलेला हा प्रकाश आपल्याला थेट दिसत नाही. मधल्या अवकाशातला हायड्रोजन तो शोषून घेतो. म्हणून अलीकडच्या दीर्घिकांत तो शोधायचा. तू राहतेस त्याच पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या मदतीने अशी एक दीर्घिका दाखवली. तिचा प्रकाश नऊ अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला! ती बातमी वाचून मी तुझ्या बाबांना हाक मारून बोलावलं होतं. आपल्या उपग्रहाने हे टिपलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता मला एक सांग. तुमच्या संगणकी प्रतिरूपात जोडतारे धरले आहेत का? आणि ढगाचा किती बारीक तुकडा त्यात वेगळा दिसतो? तुकडे मोठे असतील तर अरुंद वाटा त्यात बुजून जातील आणि निसटणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण चुकेल. तुझ्या सरांना हे नक्की विचार. उत्तर सविस्तर लिहून पाठव, आकड्यांसकट.

तुझी,
आई