मंत्रिमहोदय, हुरड्याला डुकरं येऊन गेली

मा. मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या सभेत आपण शब्द दिला होता, 'पुढच्या हुरड्याला येतो, तोवर तारेचं कुंपण झालेलं असेल.' कुंपण आलं नाही, आपणही आला नाहीत. परवा रात्री डुकरं तेवढी वेळेवर आली.

सव्वा एकर शाळू होता. डुक्कर नुसतं कणीस खुडत नाही, ताट छातीनं आडवं करतं, दाणे चघळतं आणि चोथा थुंकतं. सकाळी शेतात त्या चोथ्याचे ओले गोळे अन् बायकोच्या जुन्या साड्यांचं कुंपण मातीत लोळलेलं. तिच्या लग्नातली हिरवीही त्यात होती. महिनाभर मी माळ्यावर कुडकुडत जागलोय. गुडघे गेले, त्या रात्री फक्त तासभर डोळा लागला. गावातला निम्मा शाळू गेला म्हणतात, मी मोजायला गेलो नाही. आपल्या खात्याचे साहेब दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, ठसे पुसलेत, पंचनामा कसा करू? डुकरांची सही घ्यायची राहिली, चूक माझीच.

आता डुकरं वाढली का, ते ऐका. दिवसा लपायला उसाचे फड आहेत, हे खरंच. पण गावामागचा माळ आपल्या कागदावर 'पडीक' आहे. तिथल्या घळीत लांडगीण व्यायची. लांडगे हरणांची पाडसं, डुकरांची पिल्लं उचलायचे, खोकड अन् घुबडं उंदरांवर असायची. माझ्या दोन शेळ्याही लांडग्यानंच नेल्या, तेव्हा मीही त्याला शिव्या घातल्या. आता माळावर सोलरच्या पाट्या आणि जाळी आहे. म्हणजे कुंपण मिळालं, पाट्यांना!

पोरगी बी.एस्सी.ला आहे. ती सांगते, अमेरिकेत रॉबर्ट पेन नावाच्या माणसानं समुद्रकाठच्या एका खडकावरून फक्त तारामासे काढून टाकले. ते शिंपले खायचे. खाणारा गेला, शिंपल्यांनी खडक बळकावला आणि १५ जातींच्या ८ उरल्या. हे १९६६ साली छापून आलंय. मला वाचायची गरज नाही, माझ्या बांधावर बसून बघता येतं.

गिधाडांचंही तेच. जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध टोचलं, मेलेलं ढोर खाऊन गिधाडं मेली. बंदी आली २००६ साली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मग मढी कुत्र्यांना मोकळी. कुत्री वाढली आणि त्यांचे रोग उरल्यासुरल्या लांडग्यांना लागतात.

पण तक्रार कुणाकडं करू? डुक्कर वनखात्याचं, माळ महसूलचा, पाट्या ऊर्जा खात्याच्या, कुत्री ग्रामपंचायतीची. एकानं एकाला खायचं ही जी साखळी आहे, तिचं खातं कुठल्या मजल्यावर आहे? बाहत्तरच्या दुष्काळातच वन्यजीव कायदा झाला, त्यात लांडगा वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत. त्याच्या घराला मात्र कुठलीच अनुसूची नाही. दुष्काळ, अनुदान, पॅकेज, पाहणी, फोटो. मराठवाडा म्हणजे तुमच्यासाठी नुसता दौरा आहे.

मागणी म्हणाल तर पंचनामा करा, आणि माळाचा जो तुकडा उरलाय त्यावरचा 'पडीक' शिक्का काढा. उसाला पाणी सोडायच्या आधी ऊस अन् माळ, दोघांचा हिशेब तेवढा लावा.

आज रात्री परत माळ्यावर चाललोय. कोपऱ्यातलं हरभऱ्याचं वावर अजून शाबूत आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. पाटोदा, जि. बीड