‘इन कॅमेरा’ म्हणजे नक्की काय? एकदा ठरवून टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या आठवड्यात एकाच पानावर दोन बातम्या होत्या, एक म्हणजे पॉक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसची सुनावणी ‘इन कॅमेरा’ होणार आणि त्याच्याच खाली कोठडीत मेलेल्या माणसाचं शवविच्छेदन ‘इन कॅमेरा’ झालं. पहिल्या बातमीत अर्थ असा की आत कुणाला सोडणार नाहीत, आणि दुसऱ्यात अर्थ असा की सगळं शूट केलंय, नंतर बघता येईल. म्हणजे बरोबर उलटं! मी कोर्टात कारकुनी करून रिटायर झालोय म्हणून मला कळलं, पण बाकीच्या वाचकांनी काय समजायचं?

मूळ शब्द लॅटिन आहे आणि त्याचा फोटोशी काही संबंध नाही. कॅमेरा म्हणजे कमानीच्या छताची खोली, तो शब्द लॅटिनमधे ग्रीकमधून आला. इन कॅमेरा म्हणजे खोलीत, म्हणजे जजसाहेबांच्या खोलीत, सगळ्यांसमोर नाही. आपण कोर्टात रोज म्हणतो ना ‘साहेब चेंबरमधे आहेत’, ते चेंबर पण त्याच शब्दाचं फ्रेंचमधून आलेलं पोर. पोर्तुगीजांनी त्याचं कामरा केलं, गोव्यात त्यांच्या काळात नगरपालिकेला कामरा म्युनिसिपल म्हणायचे, आणि हिंदीतला कमरा पण तिथूनच आलाय. फोटोचा कॅमेरा फार नंतरचा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं उलटं चित्र पडतं, त्याला केप्लरने १६०४ मधे कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी खोली म्हटलं, पुढे त्या खोलीची पेटी झाली, पेटीत फोटो निघायला लागले आणि ‘अंधारी’ गळून नुसती ‘खोली’ राहिली.

आता कोणी म्हणेल काय फरक पडतो. पडतो हो. फॅमिली कोर्टात नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते, १९८४ च्या कायद्यातच आहे ते. पण आमच्या नात्यातली एक मुलगी ही सोय मागायलाच तयार नव्हती, का तर ‘माझं सगळं व्हिडिओत येईल’. तिने हा शब्द पेपरातच वाचला होता, शवविच्छेदनाच्या बातमीत! जो शब्द तिला झाकायला होता त्यालाच ती घाबरली.

आणि हे बंद दार आपल्याकडे सहज आलेलं नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिलं, त्यावरून देशभर बोंबाबोंब झाली आणि १९८३ मधे कायदा बदलला, तेव्हापासून बलात्काराच्या केसेस इन कॅमेरा चालवणं बंधनकारक झालं. आता ते कलम नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी केसेस कशा चालवायच्या त्या कायद्यात, ३६६ नंबरला आहे.

उलट बाजू पण आहे, आणि ती तुम्हा पेपरवाल्यांच्या जास्त जवळची. मुंबई हायकोर्टात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांवर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता, एका साक्षीदाराने तक्रार केली की माझी आधीची साक्ष छापून आल्यामुळे धंद्यात नुकसान झालं, म्हणून न्यायमूर्ती तारकुंडेंनी तोंडी सांगितलं की याची साक्ष छापायची नाही. दार उघडंच, फक्त छापायला बंदी. मिरजकर नावाचे रिपोर्टर आणि इतर काहीजण सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ मधे नऊ जजांचं बेंच बसलं, सरन्यायाधीश आपले गजेंद्रगडकर, आणि निकाल पत्रकारांच्या विरोधात गेला, की न्यायासाठी गरज असेल तर हायकोर्टाला बंद दाराआड काम चालवायचा सुद्धा अंगभूत अधिकार आहे. एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्या निकालाच्या विरोधात गेले. मला विचाराल तर हिदायतुल्लांचं बरोबर होतं, व्यापाऱ्याचा धंदा बसतो म्हणून कोर्टाचं तोंड बंद करायचं हे पटत नाही. बायका आणि पोरांची गोष्ट वेगळी.

बरं त्यात आता कोर्टात खरोखरचा कॅमेरा आलाय. सुप्रीम कोर्टात घटनापीठाचं लाइव्ह २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेची केस होती, आमच्या इथे लोक चहाच्या टपरीवर मोबाईल धरून बघत होते. कॅमेऱ्यासमोर चाललेली सुनावणी आणि इन कॅमेरा सुनावणी या एकमेकींच्या अगदी विरुद्ध, हे त्या टपरीवरच्या माणसाला कोण सांगणार?

शूटिंगची प्रथा चांगलीच आहे. कोठडीतल्या मृत्यूचं शवविच्छेदन शूट करा असं मानवाधिकार आयोगाने १९९५ मधेच सगळ्या राज्यांना लिहिलं होतं. पण त्याला ‘व्हिडिओ शूटिंग करून’ म्हणा की, पोलीसही बोलताना तसंच म्हणतात. आणि कोर्टाच्या बातमीत सरळ ‘बंद दाराआड’ लिहा. एवढंच तुमच्या उपसंपादकांना सांगा ही विनंती, बाकीचे पेपर करोत न करोत.

कारण १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पोलिसांना करावंच लागतं, म्हणजे तुमच्या भाषेतले ‘इन कॅमेरा पंचनामे’ आता रोजचेच. उद्या पॉक्सोच्या केसमधे असला पंचनामा बंद दाराआड जजसाहेबांना दाखवला तर हेडिंग काय देणार, ‘इन कॅमेरा पंचनामा इन कॅमेरा दाखवला’?

आपला,
एक जुना वाचक, सातारा