त्याला काय कळतंय, असं म्हणू नकोस

कोथरूड, पुणे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. मेतकूट आणि कुळथाचं पीठ बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे, ते आधी बाहेर काढ. स्टुटगार्टच्या थंडीबद्दल मी काही सांगत नाही, ऋताने सगळं वाचून ठेवलं आहे.

जायच्या आदल्या रात्री आपलं जे झालं त्यावर पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. एवढ्या मोठ्या टीममधून तुला निवडलं, याचा मला अभिमान आहे. बाबा तर खाली जाऊन वॉचमनलासुद्धा सांगून आले. दहा महिने म्हणजे काही जन्म नव्हे, हे तुझं म्हणणंही पटतं. फक्त ईशानबद्दलचं तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "त्याला अजून काय कळतंय, आई? मी येईन तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा असेल. त्याला काही आठवणारसुद्धा नाही."

आठवणार नाही हे खरं. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं कोणालाच आठवत नाही. पण काय कळतंय, असं म्हणू नकोस.

काल दुपारी ईशानला सतरंजीवर पालथा घातला होता. तुळशीबागेतून आणलेला तो लाकडी खुळखुळा पुढ्यात ठेवला, तर मान उचलून, लाळ गाळत, त्याच्याकडे सरकायची केवढी धडपड. मी खुळखुळ्यावर दुपटं टाकलं. क्षणभर थांबला आणि लगेच खिडकीकडे बघायला लागला, जणू खुळखुळा कधी नव्हताच. एसएनडीटीत बालविकासाच्या पेपरला आम्हाला पियाजे हा मानसशास्त्रज्ञ होता, त्यात हे शिकले होते. पाच महिन्यांच्या मुलाला नजरेआडची वस्तू आहे हे उमगत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात तेच मूल दुपटं ओढून खाली बघतं. दिसत नाही तरी आहे, हे माणसाला पहिल्यांदा कळतं ते तेव्हा. मला नेमकं तेच खुपतंय. दिसत नसलं तरी माणूस असतो, हे तो शिकेल त्याच महिन्यांत तू दिसणार नाहीस.

बघ, नको म्हणता म्हणता तिथेच आले.

दुसरं काही सांगते. पावसाने नुसता वात आणला आहे. दुपटी वाळत नाहीत, बैठकीत दोऱ्या बांधल्यात. धुरीची शेगडी डॉक्टरांनी बंद करायला लावली, धूर त्याच्या छातीला बरा नाही म्हणून. गुटीची सहाणही मी माळ्यावर ठेवून दिली. सहा महिने अंगावरचं दूध, बाकी पाणीसुद्धा नाही, हे ऋता सांगते आणि मी ऐकते. मंगलमावशीला हे काही रुचत नाही, पण वजन सांगितल्यावर गप्प बसली. जन्माला पावणेतीन किलो होता, परवा साडेपाच भरला. पाच महिन्यांत दुप्पट झाला, असाच व्हायला हवा.

त्या पावणेतीन किलोवरून तू हॉस्पिटलात किती घाबरला होतास! आपल्याकडची मुलं अशीच असतात रे. इथल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली मुलं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची साडेतीनची. आपली दिसायला हडकुळी, पण कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नाही. पुढे मधुमेहाकडे झुकण्याची बीजं पोटात असतानाच पडतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या घरात साखर पाचवीलाच पुजलेली, म्हणून मी तो लेख कापून ठेवला होता. आईच्या पोटातले दिवस कोणाला आठवतात? तरी शरीर त्यांचा हिशेब चाळीस-पन्नास वर्षं ठेवतं. मग कडेवरच्या दिवसांचा ठेवत नसेल?

नाना गेले तेव्हा तू सव्वा वर्षाचा होतास. बरोबर तेवढाच. त्यांचा चेहरा तुला शनवारातल्या घरातल्या फोटोपुरताच माहीत. पण तुझं पहिलं वर्ष त्यांच्या खांद्यावर गेलं. माझी शाळा सकाळची, बाबा फिरतीवर. तू कळवळून रडायला लागलास की नाना तुला घेऊन त्या अंधाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि तू त्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून झोपायचास. पाळी लाल व्हायची, पण ते हात काढू द्यायचे नाहीत, बाळ जागं होईल म्हणायचे. ते गेल्यावर महिनाभर तू संध्याकाळी जिन्याकडे तोंड करून रडलास. मग विसरलास. पण दहावीला टायफॉइड झाला तेव्हा तापात माझा कान धरलास. आणि ऋता मला परवा सहज म्हणाली, "आई, हा झोपेत माझा कान का धरतो?" मी तिला काही बोलले नाही, बोलवलंच नाही. तुला नाना आठवत नाहीत, निखिल. पण ते तुझ्या बोटांत आहेत.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून आजीने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायला लावली होती, तुझ्या वेळी आणि आत्ताही. मला वाटतं ते लिहिणं एका रात्रीत उरकत नाही. वर्षभर चालतं, आणि लिहिणारे आपण असतो. भूक लागली की कोणी येतं का, रडलं की उचलतं का, हसलं की समोरचा चेहरा हसतो का. एरिक्सन हा दुसरा मानसशास्त्रज्ञ म्हणतो की पहिल्या वर्षाचं काम एकच, जगावर विश्वास टाकायला शिकणं. चालणं-बोलणं जरा उशिरा आलं तरी चालतं. हे चुकलं तर पुढे फार कष्टाने भरून काढावं लागतं. जन्माला येताना असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट मेंदू होतो या एका वर्षात, आणि तू म्हणतोस

असो. शाळेसारखं शिकवायला लागले. रागावू नकोस. तू हौसेने गेला नाहीस हे मला माहीत आहे. हप्ते आहेत, ऋताची सव्वीस आठवड्यांची रजा सप्टेंबरात संपते, आणि तो इथे एकटा नाही. उष्टावणाला त्याचा मामा नाशिकहून येणार आहे, चांदीची वाटी आणतो म्हणाला. सुश्रुताने वर्षापर्यंतच्या मुलाला क्षीरप म्हणजे दूध पिणारा म्हटलंय, दोनपर्यंत क्षीरान्नाद, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारा. आपला हा गडी सहाव्या महिन्यालाच वरणभाताकडे डोळे लावून बसलाय. बाबांचं ताट आलं की त्यांच्या घासाबरोबर याचं तोंड उघडतं.

आता एक कामाचं सांगते, आणि हे मनावर घे. जूनमध्ये तू घरात शिरशील तेव्हा तो तुला बघून रडेल. आईला घट्ट धरेल, तोंड फिरवेल. त्या वयाची मुलं परक्याला घाबरतातच, ते चांगल्या वाढीचं लक्षण आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि ऋताच्या कडेवरून ओढून घेऊ नकोस. खाली सतरंजीवर बस, त्याच्याकडे न बघता खुळखुळा वाजव, बॅग उघड. तो आपणहून येईल. दोन दिवस लागतील, चार लागतील. येईलच. मी हे तुला सांगते आहे की स्वतःला, कोण जाणे.

तोवर व्हिडिओ कॉल चुकवू नकोस. परवा तुझा आवाज आला तशी त्याने मान वळवली. मग फोन हातात धरून चाटला. स्क्रीनवरचं तोंड त्याला कितपत लागतं मला सांगता येणार नाही, पण आवाज लागतो, तो पोटात असल्यापासून ऐकतोय. म्हणून रोज एकच वेळ ठेव. सरूबाई साडेदहाला न्हाऊ घालतात, तुझ्याकडे तेव्हा सात वाजलेले असतात. टाळूवर तेल घालून पायांवर घेतला की तो अगदी शांत असतो, तेव्हा बोल. काहीही बोल, ऑफिसचं बोललास तरी चालेल. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की वेळ बदलून घेऊ.

बाबांचे आशीर्वाद. जेवण वेळेवर कर.

तुझी
आई

ता. क. नाताळात आठवडाभर सुटी मिळते का, ते आत्ताच विचारून ठेव. तिकीट महाग असेल तर माझी एफडी नोव्हेंबरात सुटते. तेव्हा तो नऊ महिन्यांचा असेल.