देवीची मूर्ती सापडली म्हणून वंश आईकडून चालत होता असे ठरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या नवरात्रातील रविवार पुरवणीत प्राचीन युरोपातील मातृदेवतांवर आलेला लेख माझ्या नातीने कापून शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवला. सातवीत आहे ती. चिकटवून झाल्यावर तिने विचारले, "आजी, म्हणजे तिकडे तेव्हा सगळे आईचंच नाव लावायचे का गं? आणि ते घोडेवाले लोक आले म्हणून ते बंद झालं?" मी लेख पुन्हा वाचला. नातीचा काहीच दोष नव्हता, लेखात अगदी तसेच लिहिले होते. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही.

बाईला देवी म्हणून पुजणे ही एक गोष्ट. घर, जमीन आणि कूळ बाईच्या बाजूने चालणे ही दुसरी. लेखात या दोन्ही एकच धरल्या आहेत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

लेखासोबत व्हिलेनडॉर्फ या गावी सापडलेल्या आदिम स्त्रीमूर्तीचा पानभर फोटो आहे. तो पाहून ती गाभाऱ्यात बसवण्याएवढी असावी असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती ११ सेंटिमीटरची आहे. अर्धी वीत, मुठीत मावेल एवढी. १९०८ साली ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या खोऱ्यात ती सापडली, वय सुमारे ३०,००० वर्षे. चुनखडीच्या दगडाची, अंगावर गेरूचा लाल रंग. तिला चेहरा नाही. डोक्याभोवती वेणीसारखे किंवा विणलेल्या टोपीसारखे वेढे आहेत, काटकुळे हात छातीवर टेकवलेले आहेत. पावले कोरलेलीच नाहीत, त्यामुळे ती आपली आपण उभी राहू शकत नाही. तो दगड बहुधा उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराच्या परिसरातला असावा, असे २०२२ च्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे आल्प्सच्या पलीकडून तो दगड किंवा ती मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आली असणार. इतके जपले म्हणजे माया होती, यात मला शंका नाही. पण ती देवी होती, की बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून जवळ बाळगायची वस्तू, हे दगड सांगत नाही. मूल कुणाच्या कुळात मोजत, याबद्दल तर त्याच्याकडून काहीच कळत नाही.

लेखाचा सगळा डोलारा मारिया गिम्बुटास यांच्या मांडणीवर उभा आहे, आणि त्यांचेच नाव लेखात कुठे नाही. हे मला फार लागले. १९२१ साली लिथुआनियात जन्मलेल्या, महायुद्धात देश सोडावा लागलेल्या या संशोधिकेने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून लोक (नातीचे "घोडेवाले") युरोपात आले, हे १९५० च्या दशकात मांडले. पुष्कळ विद्वानांना ते वर्षानुवर्षे पटले नाही. २०१५ मध्ये प्राचीन हाडांमधील डीएनएच्या अभ्यासांनी ते स्थलांतर खरोखर झाले होते हे दाखवून दिले. त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. त्यांचे दुसरे म्हणणे, की त्याआधीचा शेतकरी युरोप देवीपूजक, शांत आणि स्त्रीकेंद्री होता, ते मात्र तसे सिद्ध झालेले नाही. "मातृसत्ता" हा शब्द तर त्या स्वतःही टाळत असत.

उलट पुरावा फ्रान्समध्येच आहे. पॅरिसच्या आग्नेयेला गुर्जी येथे इ.स.पू. ४८५० ते ४५०० च्या सुमाराची दफनभूमी सापडली. तिचा डीएनए अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच कुटुंबाच्या सात पिढ्या तिथे जुळवता आल्या. वंश बापाकडून मुलाकडे, सुना बाहेरून आलेल्या, आणि वयात आलेल्या लेकी जवळपास नाहीतच. त्या सासरी गेल्या असणार. तेव्हा गवताळ प्रदेशातले ते लोक यायला दीड हजारांवर वर्षे अवकाश होता. बापाचा वंश घोडेवाल्यांनी आणला, हे मग म्हणायचे कसे?

दुसऱ्या टोकाला रोम बघा. इ.स.पू. २०४ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना रोमनांनी आशिया मायनरमधून सिबिली या महामातेला आणले. तिला चेहरामोहरा नव्हता. तो एक काळा दगड होता, आपल्याकडे देवीचा तांदळा असतो तसा. इतिहासकार लिव्ही सांगतो, की शहरातल्या प्रतिष्ठित स्त्रियांनी तो हातोहात पुढे दिला, घराघरांच्या दारांत धूप जळत होता आणि सगळे शहर रस्त्यावर आले होते. पॅलाटिन टेकडीवर तिचे देऊळ झाले. आणि त्याच रोममध्ये कायद्याने मुलाबाळांच्या जिवावरही बापाचा अधिकार होता. महामाता आली, पण घरातले काहीच बदलले नाही.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा बॉनच्या संग्रहालयात एक वेदी पाहिली. इ.स. १६४ ची, कोलोनच्या एका रोमन अधिकाऱ्याने अर्पण केलेली. तिच्यावर तीन आया शेजारी शेजारी बसल्या आहेत, मांडीवर फळांच्या टोपल्या. कडेच्या दोघींच्या डोक्यावर मोठी गोल शिरोभूषणे, मधली तरुण, केस मोकळे सोडलेली. मला एकदम आमच्या विहिरीजवळच्या साती आसरा आठवल्या आणि मी नकळत हात जोडले. अशा आयांच्या हजारावर वेद्या आणि शिलालेख ऱ्हाईनच्या परिसरात मिळाले आहेत. त्या घडवून घेणाऱ्यांत सैनिक आणि सरकारी अधिकारी पुष्कळ होते. तिथली भक्ती खरी होती. पण त्या भक्तांपैकी जे रोमन नागरिक होते, त्यांची घरे रोमन कायद्यानेच चालत.

नाशिककरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, हे राजे आईचे नाव अभिमानाने लावत. पण गौतमीपुत्रानंतर गादीवर बसला तो त्याचा मुलगा; वंश आईकडून चालत असता तर बसला असता तसा बहिणीचा मुलगा नव्हे. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांवरही बापाच्या नावासोबत आईचे नाव आढळते. तेवढ्यावरून तिथे मातृवंश होता असे म्हणता येत नाही.

मग बाईच्या बाजूने चालणारी घरे युरोपात नव्हतीच का? होती, आणि हेच लेखातून पूर्ण सुटले आहे. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने उत्तर स्पेनच्या कँटाब्रियन लोकांबद्दल लिहिले आहे, की तिथे वारसा मुलींना मिळतो आणि भावांची लग्ने बहिणी लावून देतात. त्याहून भक्कम पुरावा इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला आहे. विंटरबोर्न किंग्स्टन येथे ड्युरोट्रिजेस जमातीची, रोमन येण्याच्या आगेमागची दफनभूमी आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी या जमातीच्या दफनस्थळांतील ५७ जणांचा डीएनए तपासला आणि जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. एका प्रकारचा डीएनए फक्त आईकडूनच मुलांना मिळतो. तो तपासला, तर विंटरबोर्न किंग्स्टनची दोन तृतीयांशांहून अधिक माणसे एकाच आईच्या वंशातली निघाली. त्या कुळाशी रक्ताचे नाते नसलेले होते ते बहुतेक पुरुष. आपल्या भाषेत घरजावई! लेकी माहेरी राहत, जमीन आणि नाती त्यांच्याभोवती गुंफलेली असावीत. ब्रिटनमधल्या लोहयुगातील आणखी काही दफनभूमींतही हीच खूण दिसली. या जमातीत बायकांच्या थडग्यांत पुष्कळदा जास्त किमती वस्तू मिळतात. लँग्टन हेरिंग येथील एका तरुणीसोबत तर धातूचा आरसा आणि दागिने पुरले होते.

हे कुळ कुणा मातृदेवतेच्या मूर्तीवरून उजेडात आलेले नाही. ते हाडांतून उलगडले. अशा बायकांना "एके काळी सर्वत्र देवीचे राज्य होते" या गोष्टीत विरघळवून टाकले, तर त्यांचे स्वतःचे खरे कर्तृत्वच दिसेनासे होते. म्हणून एवढ्या पोटतिडकीने लिहिते आहे.

विनंती एवढीच, की डॉर्सेटच्या संशोधनावर पुरवणीत सविस्तर लिहावे, आणि व्हिलेनडॉर्फचा फोटो पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली तिची उंची जरूर द्यावी. नातीने कात्रणाशेजारी पट्टीने ११ सेंटिमीटरची रेघ आखून ठेवली आहे. प्रकल्प पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. त्याआधी आपला खुलासा आला, तर तोही वहीत चिकटवता येईल.

कळावे,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, नाशिक