कूलरवर येणाऱ्या गांधीलमाशांबद्दल

प्रिय बंड्या,

काल फोनवर अर्धंच बोलणं झालं, मागून काकू ओरडून राह्यल्या होत्या आणि तू "थांब बे, पुन्हा एक घुसली" म्हणून फोन ठेवला, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवतो. आधी सगळ्यात महत्त्वाचं. सज्ज्याखालचं ते गांधीलमाश्यांचं पोळं जाळायला कोणाला बोलावू नको. रॉकेलचा बोळा तर अजिबातच नको, वर वायरिंग आहे, खाली छोटी खेळते. हे पत्र पूर्ण वाच आणि मग काय ते ठरव.

तुझं म्हणणं असं की मार्चमधे एवढ्या नव्हत्या, मे लागला आणि कूलरवर ही गर्दी झाली, म्हणजे उन्हाने चिडून त्या अंगावर येऊन राह्यल्या. तसं नाही रे. त्या तुझ्यासाठी येतच नाहीत, पाण्यासाठी येतात. आता आजूबाजूला पाह्य ना, मानेवाड्याकडे तुमच्या लेआउटमधे या दिवसात उघडं पाणी आहे कुठे? नाल्या कोरड्या, प्लॉटमधलं गवत वाळून पार कुरकुरीत, सकाळी नळ येऊन जातो आणि मग दिवसभर ओलं राहणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे लोकांचे कूलर.

आणि ते पाणी त्या नुसतं पितात असं नाही. दुपारी काचेच्या आतून, पंखा चालू असताना, कूलरच्या ताटीच्या, म्हणजे त्या ओल्या गवताच्या जाळीच्या, खालच्या कडेला पाह्य. एक येऊन बसेल, लांब पाय पसरून, डोकं खाली, आणि पोटाचा मागचा भाग बारीक बारीक हलत असेल. तेवढ्यात ती पोटभर पाणी घेते आणि सरळ पोळ्याकडे निघते. तिथे तोंडातून थेंब काढते, पोळ्याच्या कागदावर, अळ्यांच्या घरांवर लावते आणि दुसऱ्या जणी पंख फडफडवून त्यावर वारा घालतात. थेंब सुकला की पोळं थंड होतं. म्हणजे तू खिडकीत जो कूलर बसवलाय नं, अगदी तेच काम आहे हे, ओली ताटी आणि तिच्यातून जाणारी हवा. नागपूरची मे मधली हवा एवढी कोरडी असते म्हणूनच आपला कूलर चालतो, आणि म्हणूनच त्यांचंही चालतं. जुलैत हवेत ओल आली की आपला कूलर नुसता चिपचिप करतो आणि त्यांनाही मग पोळ्यावर पाणी आणायची गरज उरत नाही.

हे त्या हौसेने करत नाहीत. आत अळ्या आहेत, कोष आहेत, आणि ते फार तापले तर दगावतात. मोठ्या माश्या उडून सावलीत जातील, पिल्लं कुठे जाणार? २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ डिग्री गेलं होतं, आठवते ना ती दुपार, बुटीबोरी रोडवर चिटपाखरू नव्हतं. अशा दिवशी टिनाखाली लटकलेल्या पोळ्याचं काय होत असेल विचार कर, टिनाला हात लावला तर चटका बसतो. म्हणूनच त्या जागा एवढ्या पाहून निवडतात, सज्ज्याखाली, जिन्याखाली, मीटरच्या डब्यामागे, जिथे दुपारचं ऊन थेट येत नाही. तुझी पूर्वेकडची बाल्कनी त्यांना आवडली यात नवल नाही.

काकूंना वाटते तसं पोळं "अचानक" झालं नाही. थंडीत ते छोटं असेल, कोणाचं लक्ष नसेल. गरमीने अळ्या लवकर वाढतात, एकीच्या चार होतात आणि मग दिसतात. नेटवर तू वाचलं की हिवाळ्यात त्या आपोआप मरतात, तेवढं थांबा, ते युरोप-अमेरिकेकडच्या माश्यांचं आहे. तिकडे थंडीत अख्खी वसाहत मरते आणि फक्त राण्या कुठेतरी दडून राहतात. आपल्याकडे घरांवर जी सगळ्यात जास्त दिसते, बारीक, तपकिरी, पिवळसर पट्टा असलेली रोपालिडिया, ती वर्षभर नवीन पोळी घालते, पोळं वर्षानुवर्षंही टिकते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर हिचाच अभ्यास केला. हिची राणी म्हणे एकदम शांत असते, कोणावर दादागिरी नाही, आणि ती गेली की कामकऱ्यांमधलीच एक लगेच आक्रमक होते आणि काही दिवसांत राणी होऊन अंडी घालायला लागते. मला हे फार भारी वाटतं यार, आपल्या डोक्यावर दोन फुटांवर हे सगळं चालू असते आणि आपण हिट घेऊन धावतो.

हिटवरून आठवलं, कूलरच्या ताटीवर स्प्रे मारू नको, कितीही माश्या असल्या तरी. कूलर तीच हवा आत ओढतो आणि तुझ्याच खोलीत सोडतो, काकूंना आधीच दमा.

मे मधे त्यांना खायचेही वांधे असतात. एरवी लिंबाच्या झाडावरच्या त्या हिरव्या अळ्या, कोबी-वांग्यावरच्या अळ्या, हे मारून त्या आपल्या पिल्लांना भरवतात. मोठ्या स्वतः मांस खात नाहीत, त्यांना गोड रस लागतो, थोडा फुलांचा, थोडा अळ्यांच्याच तोंडातून परत येणारा. आता उन्हाने कोवळी पालवी नाही, फुलं नाहीत, मग त्या रसवंतीच्या गुऱ्हाळावर, आंब्याच्या सालीवर, बाल्कनीत ठेवलेल्या कचऱ्याच्या बकेटवर येतात. तुमच्याकडे आमरस सुरू झाला असणार, कोया-साली झाकणाच्या डब्यात टाका, निम्म्या तिथेच कमी होतील. पावसाळ्यात लिंबावर अळ्या आल्या की याच माश्या तुझ्या कामाला येणार आहेत, हे पण लक्षात ठेव.

छोटीच्या टेबलामागे जी मातीची नळी झाली म्हणतो, ती वेगळी. ती कुंभारीण. काळी, कंबर अगदी सुतासारखी बारीक, पिवळे पाय. ती एकटी राहते, पोळं नाही, राखण नाही, हातात दाबल्याशिवाय चावत नाही. तिला तर पाण्यापेक्षा चिखल पाहिजे असतो आणि मे मधे चिखल म्हणजे कूलरचं पाणी गळते ती जागा किंवा तुळशीची कुंडी. तिथे ती मातीची गोळी करते आणि नेऊन लावताना झूं झूं आवाज करते, कान देऊन ऐक एकदा. आत कोळी भरून ठेवते, मेलेले नाही हं, डंख मारून लुळे केलेले. या उकाड्यात मेलेला कोळी एका दिवसात सडेल नाहीतर वाळून जाईल, लुळा असला की अळी मोठी होईपर्यंत ताजा राहतो. एका अळीसाठी एवढी सोय. छोटीला दाखव, ती घाबरणार नाही, तूच घाबरवून ठेवलं तिला.

आता काय करायचं ते. कंपाउंडच्या त्या कडुनिंबाखाली, दारापासून लांब, मातीचं पसरट भांडं ठेव, त्यात चार दगड टाक म्हणजे त्यांना उभं राहता येते, बुडत नाहीत. पाणी रोज बदल, नाहीतर डेंग्यूचे मच्छर होतात. त्यांना सवय व्हायला थोडे दिवस लागतील, पण सकाळी त्या निघायच्या आधी भरलं तर लवकर सापडते. कूलरच्या आजूबाजूच्या फटी थर्माकोलने बुजव, आत घुसतात त्या तिथूनच, ताटीतून नाही. आत आलेलीला टॉवेलने मारत बसू नको, पोळ्याजवळ तर मुळीच नाही, मेलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या उठतात. लाइट बंद करून खिडकी उघडी ठेव, उजेडाकडे जाईल निघून.

पोळ्याबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे की येण्याजाण्याच्या वाटेवर, डोक्याच्या उंचीवर असेल तरच काढायचं. तुझं सज्ज्याखाली आहे, पण कपड्याच्या दोरीच्या किती जवळ ते मला पाहू दे. दोरी हलवून भागत असेल तर दोरी हलवू. काढायचंच झालं तर दुपारी नाही. उन्हात त्या एका क्षणात उठतात, अगदी पहाटे थोड्या सुस्त असतात, पण नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आपली रात्रही गरमच असते म्हणून सुस्तीच्या भरवशावर राहू नको, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि माहीतगार माणूस पाहिजेच. आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात ती मोठी, काळी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली जाताना दिसली तर तिकडे कोणीच जायचं नाही. ती या छोट्यांचीही पोळी लुटते. टाकीखालचं आग्या मोहोळ हा तर वेगळाच विषय, तिथे तू काहीच करायचं नाही.

कोणाला चावली तर साबणाने धुवून बर्फ लावा. मधमाशीसारखा हिचा काटा अंगात राहत नाही, म्हणून एकच माशी परत परत डंख मारू शकते, तेवढं पळून बाजूला व्हायचं. पण ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर लोखंड-चुना करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, तेव्हाच्या तेव्हा. काकूंचं वय आणि दमा पाहता हे वहिनीलाही सांगून ठेव.

आणखी एक, होळीच्या आधी कूलर सुरू करताना आत टॉर्च मारून पाहत जा. हिवाळाभर बंद कूलरमधे सावली, आडोसा सगळं मिळते, पंप लावायला हात घातला की तिथेच चावते, दरवर्षी कोणा ना कोणाचा हात सुजतो.

मी रविवारी उन्हं चढायच्या आत येतो, शिडी माझ्याकडे आहे, तू फक्त थर्माकोल आणून ठेव आणि तोपर्यंत त्या स्प्रेवाल्याला नको म्हणून सांग. काकूंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
प्रकाश