विषय: ‘अस्सल एलएम३०८’ सांगून विकलेल्या डिस्टॉर्शन पेडलच्या किटबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या संकेतस्थळावरून मी इलेक्ट्रिक गिटारसाठी ‘हाय-गेन डिस्टॉर्शन, स्वतः जोडा’ हे किट, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलचे सुटे भाग, मागवले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. किटमधल्या दोषांबद्दल मी ई-मेल केला, त्यावर आपल्या सेवा विभागाचे उत्तर आले की पीसीबीवर (भाग बसवायच्या छापील सर्किटच्या पाटीवर) सोल्डरिंग केलेले असल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे, सबब बदली भाग किंवा पैसे परत मिळणार नाहीत.

हे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. जोडायचे किट विकायचे आणि ग्राहकाने ते जोडले म्हणून वॉरंटी काढून घ्यायची, ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना माझा नमस्कार कळवावा. पिठात खडे निघाले तर आमचा गिरणीवाला ‘तुम्ही कणीक मळलीत, आता मी जबाबदार नाही’ असे म्हणत नाही. पुडी न फोडता नुसते बघत बसणाऱ्यालाच आपली वॉरंटी लागू असेल तर तसे विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत छापावे.

आपल्या उत्तरात ‘नवशिक्यांकडून ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला जोड) राहण्याची शक्यता’ असेही एक वाक्य आहे, म्हणून नाइलाजाने सांगतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांचे ड्राय सोल्डर शोधून काढणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. पीसीबीच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत आहेत. त्यात एक जरी ड्राय सोल्डर दाखवलात तर ही तक्रार मी मागे घेईन.

आता मुख्य मुद्दा. आपल्या पानावर हे किट दोन प्रकारांत मिळते. साध्या किटमध्ये ओपी०७ हा आयसी, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, असतो आणि दुसऱ्यात, आपल्या शब्दांत, ‘अस्सल, जुन्या साठ्यातला एलएम३०८’. दुसरे किट ९०० रुपयांनी महाग. मी महाग घेतले. घरी आले त्यात एलएम३०८ नव्हता. एलएम३०८ असे नाव छापलेला एक काळा आयसी होता, आणि ती गोष्ट निराळी.

हे सर्किट मुळात आपले नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी प्रोको कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘रॅट’ नावाचे पेडल काढले, त्याचीच ही नक्कल. त्याबद्दल तक्रार नाही. जगभरची हौशी मंडळी हेच सर्किट जोडत आली आहेत, कारण भाग मोजके आणि आवाज दांडगा. १०० किलोओहमचा पॉट (कळीने फिरवायचा बदलता रोध) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवर, आणि उलट्या इनपुटकडून जमिनीकडे (ग्राउंडकडे) दोन वाटा, एक ४७ ओहमची आणि दुसरी ५६० ओहमची. पॉट पूर्ण फिरवला की वरच्या स्वरांना कागदावर सुमारे २,३०० पट गेन (सिग्नलची वाढ) मिळतो. प्रत्यक्षात मात्र एलएम३०८ इतका मंद आहे की तेवढी मजल त्याला मारताच येत नाही. त्याचा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्ट. सिग्नल वर उडी मारायला सांगतो आणि हा जिना चढत जातो. पुढे दोन सिलिकॉन डायोड सिग्नलची डोकी ०.६ व्होल्टच्या आसपास छाटतात. रॅटचा जो जाड, किंचित घोगरा आवाज लोकांना हवा असतो, त्यात या मंदपणाचा वाटा मोठा. हा आयसी बनवणे केव्हाच बंद झाले आहे, म्हणून उरलेल्यांना भाव आहे, आणि भाव आहे म्हणून दुसऱ्या आयसीवरचे नाव घासून त्यावर एलएम३०८ छापणारेही आहेत. हे आपल्या खरेदी विभागाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. ठाऊक नसेल, तर ‘अस्सल’ हा शब्द आपण कशाच्या जोरावर छापता?

आयसी सॉकेटवर असल्याने तपासणी सोपी होती. आधी साधा मल्टिमीटर लावला. ७ नंबरच्या पायाला जाणारा करंट मोजला. एलएम३०८ फार थोडा करंट खातो, साधारण ०.३ मिलिअँपिअर. मीटरवर १.४ आला. मग प्रयोगशाळेत नेऊन फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झचा बारीक चौकोनी सिग्नल दिला आणि ६ नंबरच्या पायावर सीआरओचा (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब धरला. खरा एलएम३०८ असता तर खालून वर जाताना सुमारे ७ व्होल्टची चढण चढायला त्याला वीस-पंचवीस मायक्रोसेकंद लागले असते आणि पडद्यावर चौकोनाच्या कडा तिरप्या दिसल्या असत्या. आपल्या आयसीच्या कडा भिंतीसारख्या उभ्या. आमच्या खणात गोल धातूच्या टोपीचा एक जुना एलएम३०८ पडून आहे. त्याचे आठ पाय वाकवून त्याच सॉकेटमध्ये बसवला, बाकी काहीही हलवले नाही, आणि कडा लगेच तिरप्या झाल्या. दोन्ही वेळचे पडद्याचे फोटो सोबत आहेत. स्केल दोन्हींत एकच ठेवली आहे, कारण आपला तंत्रज्ञ पहिली हरकत तीच घेईल.

शेवटी नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनमध्ये कापसाचा बोळा भिजवून आपला आयसी चोळला. बोळा काळा झाला. वरची पांढरी अक्षरे गेली, त्याखालचा रंगाचा थरही गेला, आणि घासलेल्या पृष्ठभागावर आडव्या बारीक रेघा उघड्या पडल्या. तिरपा उजेड टाकून भिंगातून पाहिले तर शेवटचे तीन आकडे पुसट वाचता येतात, ०७१. म्हणजे टीएल०७१. आयसी चांगला आहे, त्याच्याशी माझे वैर नाही, पण त्याचा स्ल्यू रेट मायक्रोसेकंदाला १३ व्होल्ट, म्हणजे एलएम३०८ च्या चाळीस पटींहून अधिक. पीसीबीवर १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये जो ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे तो एलएम३०८ ला आवर घालण्यासाठी असतो. टीएल०७१ चा ८ नंबरचा पाय आत कशालाच जोडलेला नसतो. तेव्हा तो कपॅसिटर आपल्या किटमध्ये शोभेपुरता उभा आहे.

आवाजात फरक पडतो का, असे आपण विचाराल. पेडल माझ्या मुलीसाठी आहे, ती मेटल संगीत वाजवते. आपल्या आयसीवर तिने पहिला पॉवर कॉर्ड मारला आणि म्हणाली, ‘बाबा, कानात वाळू गेल्यासारखं वाटतंय.’ गोल टोपीचा आयसी बसवल्यावर ती वाळू गेली. कुतूहल म्हणून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक साधा ओपी०७ आणून बसवला. त्याचाही स्ल्यू रेट ०.३. तिला पाठमोरी बसवून मी हा ओपी०७ आणि गोल टोपीचा एलएम३०८ आलटून पालटून लावले. कोणता कधी होता ते तिला ओळखता आले नाही, मलाही आले नसते. थोडक्यात, आपले स्वस्त किट रॅटच्या आवाजाच्या जवळ आहे आणि ९०० रुपये जास्त घेऊन दिलेले महाग किट त्यापासून लांब. फसवणूक करतानाही निदान बरा आयसी फसवून द्यायचा होता.

हे झाले आयसीचे. किट पहिल्यांदा सुरू केले तेव्हा मात्र वाळूचाही आवाज आला नव्हता, कारण आउटपुटला २एन५४५८ या नावाने दिलेला ट्रान्झिस्टर जेफेट (फील्ड-इफेक्ट जातीचा ट्रान्झिस्टर) नव्हताच. बाजारात मिळणाऱ्या साध्या कंपोनंट टेस्टरमध्ये घातला तर तो ‘एनपीएन’ म्हणतो. म्हणजे नेहमीचा बायपोलर ट्रान्झिस्टर, कोणत्याही दुकानात दोन-चार रुपयांना मिळणारा. जेफेटच्या जागी तो बसवला की सिग्नल पुढे जायचे नावच घेत नाही. मी माझ्या डब्यातला जे११३ लावला, त्याच्या पायांचा क्रम तोच असल्याने काम भागले. पण ज्याच्याकडे टेस्टर नाही आणि डबाही नाही, तो बिचारा आपलेच सोल्डरिंग चुकले असे समजून पीसीबी तापवत बसेल, आणि आपण त्याला वॉरंटी रद्द झाल्याचे कळवाल.

तिन्ही पॉट ए१००के म्हणजे लॉग (सुरुवातीला रोध सावकाश वाढणारे) हवेत असे आपल्याच यादीत आहे. आले ते तिन्ही बी१००के, लिनिअर, म्हणजे सारख्या प्रमाणात वाढणारे. छाप वाचायची नसेल तर मध्यावर ठेवून मोजा, ४९ किलोओहम येतात. लॉग असता तर १०-१५ आले असते. परिणाम असा की व्हॉल्यूमची कळ जरा हलवली की आवाज अंगावर येतो आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच घडत नाही. यादीत असलेला इनपुटचा १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुडीतच नव्हता. त्याचे काम रेडिओ लहरींना बाहेर ठेवणे. तो नसल्यामुळे सकाळी गेन वाढवला की डिस्टॉर्शनमधून आकाशवाणी पुणे केंद्र ऐकू येत होते. केंद्राबद्दल मला आदर आहे, पण ते ऐकायला घरात रेडिओ आहे.

डब्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनिअमचा डबा आतूनही पावडर कोटिंग केलेला, त्यामुळे जॅकचा नट धातूला टेकतच नाही, डब्याला अर्थिंग मिळत नाही, आणि इतक्या गेनला ५० हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण) सगळ्यावर स्वार होतो. भोकांच्या कडेचा रंग कानशीने खरवडल्यावर हम गेला. हे मी दोषांत धरत नाही, फक्त माहितीपत्रकात एक ओळ घाला.

माहितीपत्रकावरून आठवले आणि हे मात्र गंभीर आहे. त्यात अ‍ॅडॉप्टरच्या जॅकचे चित्र ‘मध्ये धन’ असे आहे. आपल्या पीसीबीवर जॅकचा मधला पाय जमिनीकडे जातो, म्हणजे मध्ये ऋण, आणि गिटार पेडलमध्ये सर्वसाधारण रीतही तीच. बझर लावून तपासण्याची मला सवय आहे म्हणून मी आधी पाहिले. चित्रावर विश्वास ठेवून कोणी ९ व्होल्ट उलटे दिले तर संरक्षक डायोड शॉर्ट होऊन तापेल, आणि तो जळून तुटला तर पाठोपाठ आयसी जाईल. आपण हे किट ‘१४ वर्षांपुढील मुलांसाठी’ म्हणून विकता. ज्यांनी ते घेतले आहे त्या सर्वांना दुरुस्तीची सूचना पाठवणे हे माझे पैसे परत करण्यापेक्षा तातडीचे आहे, ते आधी करावे.

माझ्या मागण्या जास्त नाहीत. एलएम३०८ साठी जादा घेतलेले ९०० रुपये परत करावेत. खोटा नसलेला जेफेट, तीन लॉग पॉट आणि राहिलेला कपॅसिटर आपल्या खर्चाने पाठवावा. ‘अस्सल’ एलएम३०८ पाठवू नये. आपल्याकडून दुसरा घेण्याची माझी तयारी नाही, ओपी०७ वर आमचे उत्तम चालले आहे. आपला सगळा साठा तपासून होईपर्यंत पानावरून ‘अस्सल’ हा शब्द काढावा. आणि सोल्डरिंग केल्यास वॉरंटी रद्द ही अट जोडणीच्या किटला लागू नाही, असे लेखी कळवावे.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे ही तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंद करीन आणि मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फी नाही. काळा झालेला बोळा आणि तो आयसी एका पाकिटात बंद करून ठेवला आहे. तपासणीसाठी हवा असल्यास माणूस पाठवावा. कुरिअरने मी तो देणार नाही.

कळावे,

आपला,
(सही)
सदाशिव पेठ, पुणे

सोबत: बिलाची प्रत, पीसीबीचे व सीआरओच्या पडद्याचे फोटो, आयसीचा चोळण्यापूर्वीचा आणि नंतरचा फोटो, माहितीपत्रकाच्या संबंधित पानाची प्रत, आपल्या सेवा विभागाचा ई-मेल.